पॉलिशची डाळ

एसटी हलली तरी आई खिडकीतून डाळीचं गाठोडं आत ढकलत होती. घरची तूर भिजवून, लाल माती चोळून, वाळवून जात्यावर भरडलेली. "तिकडं काय मिळंल न मिळंल, ऱ्हाऊ दे," म्हणाली. लग्न नवीन होतं. नवऱ्याने गाठोडं सीटखाली सारलं आणि आम्ही लातूर सोडलं.

त्याला पंचवीस वर्षं झाली. आता आम्ही पुण्याजवळ दिघीला राहतो. मी चाकणजवळच्या एका डाळमिलमध्ये पॅकिंगला जाते. गावाकडच्या बायांनो, तुम्ही विचारता ना, काय काम करतेस? ऐका तर. तुरीचं साल निघालं की डाळ मशीनमध्ये जाते. तिला पाणी मारतात, तेल मारतात आणि चकाकेपर्यंत घासतात. सालाखालचा पापुद्रा, कोंबाचा कण, सगळं खरवडून निघतं. डाळीची बरीच ताकद त्यातच. ती जाते जनावरांच्या खाद्याला, आणि उरलेलं गुळगुळीत, पिवळंधमक आम्ही पाकिटात भरतो. त्या तेलकट भुकटीचा वास शिफ्ट संपली तरी केसांतून जात नाही. शिसारी येते.

लेक लग्न होऊन तळेगावला गेली, तिथेच कंपनीत आहे. तिथल्या कँटीनमध्ये मटकी लवकर शिजावी म्हणून सोडा घालतात. बोटात धरली की लगदा, चव साबणाची. लेकीला दिवस गेले तेही हेच खात असताना. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून पाहिली, रिपोर्ट पाहिला. म्हणाल्या, "रक्त फार कमी आहे. गोळ्या चुकवू नका, डाळी-कडधान्यं नीट खा. असंच राहिलं तर बाळंतपण अवघड जाईल." बाळंतपणाला ती माझ्याकडेच येणार होती.

मी आईला फोन करून घरची डाळ मागवली. ट्रॅव्हल्सच्या गाडीने खोकं आलं. उघडलं तर आत पाकिटं. चकचकीत, आमच्याच मिलची. मीच भरलेली असतील, गावाला जाऊन परत आली. लगेच आईला फोन लावला. मी फोनवर ओरडलेच.

"आगं, घरची डाळ कशी काळपट दिसती," आई म्हणाली. "पोटुशी पोर, तिला चांगली घेतली. बाजारात सगळ्यात महाग हीच हाय."

"आणि आपली तूर?"

"भरडतंय कोन आता? आख्खी व्यापाऱ्याला घातली. आमी बी हीच खातो की. म्हशीला तेवढं तुमच्या तिकडचं खाद्य आणतो. काय आंग धरलंय म्हशीनं!"

म्हणजे आमच्या तुरीची ताकद म्हशीला आणि माझ्या पोटुश्या लेकीला नुसती चकाकी. थू!

रविवारी भोसरीच्या बाजारातून मटकी आणि सालाची मूगडाळ आणली. मटकी भिजवली, फडक्यात बांधली, मोड आल्यावर बेताच्या पाण्यात शिजवली, वर लिंबू पिळलं. बाळंतपणाला आलेल्या लेकीने नाक मुरडलं. "आई, कँटीनची मऊ असते गं." वाटी संपेपर्यंत मी तिच्यासमोरून हलले नाही.

सणाला अजून गावी जाते, आईशेजारी झोपते. पण तिथून काही मागायचं सोडलं. लेक मात्र दिघीच्या या एका खोलीत आली की बॅग टाकून म्हणते, आले बाई घरी. तिला माहेर आहे ते एवढंच, आणि ते मलाच चालवायचंय.