बहिणीच्या हातची शेवळं

माझ्या धाकट्या बहिणीला स्वयंपाक मी शिकवला, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला जरा सांभाळून घ्याल. आई आमची लवकर गेली. बहीण भाकरी थापायला बसली की परातीत कमी आणि अंगावर पीठ जास्त. तिचा हात धरधरून शिकवलं मी. मग लग्नं होऊन ती मुरबाडकडे पडली, मी आटगावला. आणि आता साठी उलटल्यावर बाईंचं नाव झालंय! मळ्यात आंब्यांखाली पत्र्याची शेड घातली आहे. दर रविवारी ठाण्या-कल्याणची माणसं गाड्या घेऊन येतात, चुलीवरचं जेवतात, ओढ्यात पाय सोडून बसतात आणि जाताना हिचे फोटो काढतात. हिचे!

ते फोटो माझ्या सुनेनं फोनवर पाहिले. सून नोकरी करणारी, बोलायला गोड. लग्नाला तीन वर्षं झाली, पण माझ्या चुलीपाशी कधी बसली नाही. मीही बोलवलं नाही म्हणा. वाटायचं, येईल आपणहून. तर जूनच्या सुरुवातीला एका सकाळी म्हणते कशी, "आई, रविवारी मावशींकडे जाऊ या? मला शेवळांची भाजी शिकायचीय."

शेवळं! मी घरात जिवंत बसलेली असताना!

"जाऊ की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मुलानं गाडी काढली. शहापूर सोडून किन्हवलीच्या रस्त्याला लागलो की मला नेहमी बरं वाटतं. दोन्ही बाजूंना साग, मधे भाजून काळी केलेली शेतं, लांबवर डोंगरांची निळी रांग. त्या दिवशी मात्र डोंगरसुद्धा बहिणीच्याच बाजूला जरा जास्त आहेत असं वाटलं. मुरबाडच्या बाजारात उतरलो. पानाच्या द्रोणात करवंदं, जांभळं, टोपलीत आळवांची पिकलेली रानफळं. सून लहान मुलीसारखी हरखली. एका ठाकरणीकडे शेवळांच्या जुड्या होत्या. मी पुढं होऊन निवडायला लागले तर सून म्हणाली, "राहू द्या आई, मावशींनी आणून ठेवलीत."

बरं.

मळ्यात पोचलो तर बहीण पदर खोचून फाटकापर्यंत धावत आली. "आली गो माझी ताई!" म्हणून गळ्यात पडली. मग मला खुर्ची दिली. प्लास्टिकची, हात असलेली. "तू आता बस. पाहुणी हायस तू."

बहिणीच्या घरी मी पाहुणी! चुलीपासून दहा पावलांवर, खुर्चीत!

त्या दिवशी ठाण्याची दहा-बारा माणसं आली होती. बहीण त्यांना शेवळं दाखवत होती. जमिनीतून सरळ कोंबासारखी वर येतात, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. आणि ही काकडं, म्हणजे रानातली आंबट हिरवी फळं, ठेचून त्यांचा रस घातल्याशिवाय शेवळं शिजवायचीच नाहीत. शब्द माझे. हातवारेसुद्धा माझे. माणसं माना डोलावत होती. माझी सून तिच्या शेजारी मांडी घालून बसली होती, केसांत राख, डोळ्यांत धुराचं पाणी, आणि तोंडावर असा आनंद की मला बघवेना. काकडं तिनंच ठेचली, रस पिळून वाटीत काढला. तेवढ्यात कुणीतरी फोटोसाठी हाक मारली. दोघी उठल्या आणि ती वाटी पाण्याच्या माठामागं राहिली.

मला दिसली.

परत आल्यावर बहिणीनं फोडणी दिली, शेवळं टाकली, वाल टाकले, झाकण ठेवलं. तिला वाटलं रस सुनेनं घातला, सुनेला वाटलं मावशीनं. आणि मला माहीत होतं, दोघींनीही नाही. "अगो, वाटी राहिली," एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. मनात म्हटलं, खाजू दे एकदा घसे, कळू दे लोकांना. खोटं कशाला सांगू, त्या दहा मिनिटांत मला त्या खुर्चीत फार सुख वाटलं.

पण पाहुण्यांच्या आधी चव घेतली ती सुनेनं. तळहातावर घेऊन, जसं आमच्यात घेतात तसं. कुणी शिकवलं तिला ते? दोन घास गेले आणि तिनं घसा धरला. खोकते, डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. मी खुर्चीतून कशी उठले मला आठवत नाही. आमसूल तिच्या तोंडात कोंबलं, माठामागची वाटी काढली, रस पातेल्यात ओतला, वर गूळ घातला आणि जाळ वाढवून चांगलं उकळलं. कुणाला काही विचारायला लागलं नाही, हात थेट वाटीवर गेला. ते बहिणीनं पाहिलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मोठ्यानं म्हणाली, "चूक माजी. बडबडीच्या नादात इसरले. ताई हाय म्हणून वाचलो."

बघा, मोठेपणसुद्धा तीच घेऊन गेली.

भाजी उत्तम झाली. तांदळाची भाकरी, शेवळं, सुकटीची चटणी, ठाण्याच्या माणसांनी बोटं चाटली आणि "मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे!" असं बहिणीला सांगून गेली.

परतताना किन्हवलीच्या अलीकडे सून म्हणाली, "आई, वाटी तिथं आहे हे तुम्हाला कसं कळलं? मावशी म्हणाल्या, ताईचा डोळा लागला होता, नंतर नजर गेली असेल."

मला हो म्हणता आलं असतं. बहिणीनं खोटं तयार करूनच दिलं होतं. पण तिनं दिलेलं घ्यायचं जिवावर आलं.

"नाय गो. जागी होते. आधीच पाहिली होती."

मुलानं आरशातून माझ्याकडे बघितलं. सून खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा मुरबाडला निघाली. दारात थांबून म्हणाली, "येताय?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात." गुडघे ठणठणीत होते. दिवसभर नुसती आत-बाहेर करत होते. आता बसल्या असतील, आता निवडत असतील, आता हसत असतील.

संध्याकाळी ती आली आणि डबा माझ्यापुढे ठेवला. "मी केलीय. मावशींनी हात लावला नाही." मी एक घास घेतला. घशाला काही झालं नाही. चव तर अशी, की मला आमच्या आईची चूल आठवली.

"मीठ अंमळ कमी," मी म्हटलं.

ती गेल्या रविवारनंतर पहिल्यांदाच मोकळं हसली. "मावशी म्हणाल्याच होत्या, ताई मीठ कमी म्हणणार."

ती आत कपडे बदलायला गेली, तेव्हा मी डबा पुसून खाल्ला.