चुगलखोर गाडी

ताईबाईला पळवून नेलंय, असं गावभर झालं होतं. खरं म्हणजे ती आपल्या पायांनी गाडीत बसली होती.

उपसरपंचाची निवड जवळ आली की शिरूर-दौंडकडच्या खेड्यांतून सदस्य गायब होतात, ही आता रीतच झाली आहे. याला 'सहल' म्हणायचं. विरोधकांनी फोडू नयेत म्हणून आपले सदस्य गाडीत घालायचे, भीमेपल्याड कुणाच्या तरी फार्महाऊसवर लपवायचे आणि मतदानाच्या दिवशी थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवायचे. पक्के सदस्य घरीच झोपतात. सहलीला नेतात ते कच्चे. आपल्याला कच्च्यात धरलं, हे ताईबाईला फार लागलं होतं.

पन्नाशी ओलांडलेली ही बाई. लोकांच्या रानात कांदा काढून हातांची सालं गेलेली, बौद्धवस्तीतून राखीव जागेवर पहिल्यांदाच निवडून आलेली. तिनं मागून मागितलं होतं ते एकच, वस्तीच्या स्मशानाला रस्ता. नवरा गेला तेव्हा तिरडी उभ्या उसातून न्यावी लागली होती, आणि बांधावर उभा राहून मालक म्हणाला होता, "ऊस तेवढा मोडू नका." ते शब्द तिच्या कानातून गेलेच नाहीत. तिच्या गटाचे पुढारी जयसिंगआबा, त्यांनी शब्द दिला होता की आपला माणूस उपसरपंच झाला तर रस्त्याचा ठराव पहिला. दोन्ही गटांत फरक एका मताचा. ते मत ताईबाईचं.

आबा म्हणजे मुरलेलं खोड. गाडी नदीच्या पुलावर येण्याआधीच त्यांनी सगळ्यांचे मोबाइल बंद करून तेलाच्या रिकाम्या डब्यात टाकले, झाकण लावलं आणि डबा पायाशी घेतला. "आता ब्रह्मदेवाला बी पत्ता लागायचा न्हाई," असं म्हणून ते नव्या गाडीच्या गार हवेत पाय पसरून बसले. मागच्या सीटवर ताईबाई, भामाबाई आणि ईश्वर असे तीन सदस्य. गाडी चालवायला ज्ञानू.

ब्रह्मदेवाचं ठाऊक नाही, पण विरोधकांना पत्ता लागला. पहिल्या मुक्कामी जेवणाची ताटं वाढली न वाढली तोच फाटकाबाहेर पांढरी जीप येऊन उभी राहिली. आतली माणसं उतरली नाहीत की बोलली नाहीत. नुसती काचा खाली करून बघत राहिली. ताईबाईनं ताट बाजूला सारलं. मागच्या वाटेनं गाडी काढून आबांनी दुसरी जागा गाठली, तर घटकाभरात जीप तिथंही हजर.

"आपल्यातलंच कुणीतरी फितूर हाय," आबा म्हणाले. नाव कुणाचं घेतलं नाही. सगळ्यांच्या नजरा मात्र एकीकडंच वळल्या.

भामाबाई पुढं झाली. "ताईबाई, पिशवी दाव. दुसरा फोन आसंल तर आत्ताच दे."

"माझ्याकडं एकच होता. त्यो डब्यात हाय."

तरी पिशवी उलटी झालीच. एक लुगडं, रक्तदाबाच्या गोळ्या, मिसरीची डबी, फडक्यात बांधलेली भाकरी. ईश्वरची पिशवी कुणी तपासली नाही. भामाबाईची तर नाहीच नाही. ताईबाईनं वाकून एकेक वस्तू परत भरली. बाहेरचे घात करायला टपलेले, आणि आतले तिलाच चोर ठरवून बसलेले. मधे ती एकटी.

पुढं भांडगावला हायवेवर रसवंती दिसली तशी सगळी उतरली. ताईबाई गाडीतच राहिली. काचा बंद होत्या, चिटपाखरू जवळ नव्हतं. तेव्हा तिचा बांध फुटला. पदर तोंडात धरून ती हमसून हमसून रडली, आणि गेलेल्या नवऱ्याला म्हणाली, "कशाला पडले ह्या फंदात मी? मला घरी न्या." मग डोळे पुसले, चेहरा सारखा केला. सगळे परत आले तेव्हा कुणाला काही कळलं नाही.

तिसरी जागा दौंडजवळची, कॅनॉलच्या कडेची. दुपारची वेळ. गाडी अंगणात उन्हात उभी, किल्ली ज्ञानूच्या खिशात. फार्महाऊसचा राखणदार आपला मोबाइल घेऊन आला. "कोण जयसिंगआबा? तुमच्यासाठी फोन हाय." आबांचा चेहराच उतरला. त्यांनी फोन घेतला आणि बरं ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"आबा, इंद्रजीत बोलतोय. गाडी उन्हात का लावली? तापली आसंल. गार करून देऊ का?"

आणि अंगणातली गाडी सुरू झाली. आत कुणी नाही, जवळ कुणी नाही. दिवे लागले, एसीचा आवाज भरला, दारांचे खटके एकदम वाजले. ज्ञानूनं खिशातली किल्ली बाहेर काढून तिच्याकडं पाहिलं आणि ती हातातून खाली पडली. भामाबाईनं ताईबाईचा दंड गच्च धरला.

इंद्रजीत म्हणजे आबांचा सख्खा पुतण्या. गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. मग तिथल्या माणसानं ॲपसाठी, म्हणजे गाडी कुठं आहे ते दाखवणाऱ्या आणि लांबूनच ती चालू-बंद करणाऱ्या सोयीसाठी, मोबाइल नंबर मागितला. आबांकडं बटणाचा फोन. "आमच्या इंद्याचा घाला, घरचाच हाय," असं म्हणून ते पेढा खायला वळले. आपल्याकडं हे असंच चालतं. गाडी थोरल्याच्या नावावर, बाकी सगळं पोरांच्या मोबाइलवर. पुढं सोसायटीच्या राजकारणात चुलता-पुतण्या फुटले, इंद्रजीत विरोधी गटाला जाऊन मिळाला. घरं वेगळी झाली, चुली वेगळ्या झाल्या. ॲप मात्र जिथं होतं तिथंच राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं यांनी ताईबाईची पिशवी झाडली, आणि चुगली करत होती ती बुडाखालची गाडी.

"ताईबाई मावशी हायेत का तिथं?" जन्मभर तिला अगं-तुगं करणारा इंद्रजीत आज मावशी म्हणाला. "मावशी, आरशामागं कॅमेरा हाय. आतलं बी दिसतं, ऐकू बी येतं. रसवंतीपाशी लई रडलात ओ. 'मला घरी न्या' म्हणालात. उद्या मताला येऊ नका, घरीच थांबा. न्हाईतर ती क्लिप गावाच्या ग्रुपवर टाकतो. बाईला डांबून ठेवलंय, रडतीय बघा, आसं सगळ्यांना कळू द्या."

ताईबाई तिथंच फरशीवर बसली. मारहाणीची भीती तिला ठाऊक होती, शिव्यांची होती, उपाशी राहण्याचीही होती. पण आपल्या मेलेल्या माणसाशी बोललेलं कुणी तरी बसून ऐकलं, ही भीती कुठं ठेवायची ते तिला कळेना. अंगावरचं लुगडं कुणी ओढावं तसं तिला झालं.

सकाळी आबा म्हणाले, "बसा गाडीत. दुसरा इलाज न्हाई."

"त्या गाडीत मी बसत न्हाई," ताईबाई म्हणाली. "यष्टीनं जाते. मराण आलं तर चार लोकांत येईल."

आबा काही बोलायच्या आत भामाबाईनं चपला घातल्या. "चल, मी बी येते." पिशवीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. एसटीत मात्र खिडकीची जागा तिनं ताईबाईला दिली. ईश्वर आणि आबाही मागच्या बाकावर येऊन बसले. ज्ञानूनं रिकामी गाडी काढली. ती न्हावऱ्याच्या अलीकडं बंद पडली, आपोआप, आणि पांढऱ्या जीपवाल्यांनी तिला घेरलं तेव्हा आत एकटा ज्ञानू हात जोडून बसलेला.

इकडं एसटीत वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ताईबाईचा जीव खालीवर होत होता. चढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येक मोबाइल तिला आपल्याकडंच बघतोय असं वाटे.

ग्रामपंचायतीच्या पायरीवर इंद्रजीत उभा होता. तिला बघून त्याचं तोंड क्षणभर उघडं राहिलं. मग त्यानं मोबाइल वर धरला आणि अंगठा फिरवला. पाठोपाठ अंगणातल्या लोकांचे मोबाइल एकामागून एक वाजले. रडण्याचा आवाज चहूबाजूंनी आला. तिचाच आवाज. "मला घरी न्या." कुणी हसलं, कुणी चुकचुकलं. वस्तीतली माणसंही त्या गर्दीत होती. ताईबाई भिंतीला धरून आत गेली.

मतदान हात वर करून होतं, आणि आधी आबांच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. "सदस्य ताईबाई," निवडणूक घ्यायला आलेले अधिकारी क्लिप बघून सावध झाले होते, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? तुम्ही रडत होता म्हणे."

दारात इंद्रजीत मोबाइल रोखून उभा. ताईबाईला काल जे झाकायचं होतं तेच आता पुन्हा आलं. डोळे भरले. पदर तोंडाकडं गेला आणि अर्ध्यावरच थांबला. तिनं तो खाली सोडला.

"रडत व्हते," ती म्हणाली. "आत्ता बी रडतीय. भ्यालेय मी सायेब, खोटं कशाला सांगू? पर मत माझं हाय."

गालांवरून पाणी वाहत असताना, मोबाइलकडं तोंड करून, तिनं हात वर केला.