सीटवरचं प्लास्टिक

आमची गाडी नवी आली तेव्हा सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं, आणि ते काढायचं नाही असं ह्यांनी शोरूममध्येच जाहीर करून टाकलं. हे म्हणजे माझे यजमान. नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरी, स्वभावाने जपून वापरणारे. "आतलं कापड नवं राहील, पुढे विकताना भाव येईल," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, गाडी विकायला घेतलीय की बसायला?" तर म्हणे, "तुला नाही कळायचं."

नाही कळायचं! जेल रोडच्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या हातचे, आणि कापडातलं मला नाही कळायचं. पण नवी गाडी, सगळे पेढे खात उभे, म्हणून मीही एक पेढा तोंडात टाकला.

त्या प्लास्टिकने आम्हाला किती छळलं ते आमचं आम्हाला माहीत. मे महिन्यात माझ्या माहेरी चांदवडला निघालो की पाठीला साडी चिकटायची ती भावाच्या दारातच सुटायची. वळण आलं की मागे बसलेले सगळे एका बाजूला घसरायचे. भाऊ दरवेळी दारातच म्हणायचा, "दाजी, काढा ना आता हा कागद. लय चटका बसतो." हे हसायचे. "लेकीच्या लग्नात काढू." लेकीचं लग्न झालं. पाठवणीला गाडी झेंडूने सजवली, लेक शालू सावरत आत बसली आणि प्लास्टिक असं काही करकरलं की रडता रडता ती फिसकन हसली. तरी काढलं नाही. मग म्हणाले, रिटायर झालो की काढू. रिटायर झाले. प्लास्टिक पिवळं पडलं, फाटलं, फाटलं तिथे ह्यांनी चिकटपट्टी लावली, त्या चिकटपट्टीवर पुन्हा चिकटपट्टी. खालचं राखाडी कापड आणि त्यावरच्या बारीक निळ्या रेघा धुरकट दिसायच्या. इतकी वर्षं त्या कापडाला आमच्यापैकी कुणाचा हात लागला नव्हता.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "फिजिओथेरपी चुकवू नका. हाता-पायात जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं. नंतर फार आशा धरू नका."

फिजिओथेरपीचं सेंटर द्वारका चौकाच्या पुढे. रिक्षात ह्यांना बसता येत नव्हतं, तोल जायचा. गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडे होतं. लेकीने हट्टाने काढायला लावलं होतं, पण ह्यांनी कधी किल्ली हातात दिली नव्हती. "क्लच जाळशील" हे ठरलेलं. आता मात्र मी चालवायला लागले आणि हे डाव्या सीटवर बसून, जड जिभेने का होईना, "गिअर... गिअर बदल" म्हणायला लागले. मला तेवढंही बरं वाटायचं.

एके दिवशी सेंटरच्या दारात मी ह्यांच्या बाजूचं दार उघडलं, पाय बाहेर काढून दिले, आणि हे त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून असे सरकले की थेट रस्त्यावर. माझ्याच्याने धरवलं नाही. चार माणसं धावली, उचललं. पँट ओली झाली होती. मांडीवरची पाण्याची बाटली सांडली असणार असं मी धरून चालले. बाटली उचलली, ह्यांना दोन घोट पाजले आणि लोकांना म्हणाले, "काही नाही, काही नाही, लागलं नाहीये." हे कुणाकडेच बघत नव्हते.

त्या दिवसापासून ह्यांनी गाडीत बसणंच सोडलं. "घरीच करतो व्यायाम." घरी काय करणार, डोंबल! चेंडू हातात दिला की तो टेबलावर ठेवून टीव्ही. मी समजूत घातली, चिडले, लेकीला फोनवर बोलायला लावलं. नाही म्हणजे नाही. डॉक्टरांचे ते काही महिने चालले होते आणि हे खिडकीशी बसून होते.

मी सगळा राग प्लास्टिकवर काढला. एका सकाळी कापडाची मोठी कात्री घेऊन बाहेर पार्किंगमध्ये गेले आणि टराटरा कापायला सुरुवात केली. आमचं घर तळमजल्यावर. हे खिडकीतून ओरडायला लागले, "अगं नको! नको काढूस! राहू दे ते!" मला वाटलं, बघा, अजूनही भाव! मी तिथूनच ओरडले, "आता काय स्वर्गात जाऊन विकणार आहात का गाडी?" वरच्या मजल्यावरच्या वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या. हे खिडकीतून आत गेले. ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

आणि खाली काय निघालं? इतकी वर्षं दरवर्षी पावसाळ्यात ओल आत शिरत होती आणि प्लास्टिक तिला बाहेर पडू देत नव्हतं. कापडाला काळी बुरशी. बोट लावलं तर तुकडा हातात आला. फोमचा पिवळा भुगा झाला होता. कुबट वास असा, की मला मळमळलं. ज्या कापडासाठी आम्ही घाम गाळला, चटके खाल्ले, लेकीला करकरत सासरी पाठवलं, ते कापड कुणी एकदाही न बसता कुजून गेलं होतं. मी पुढच्या दारात बसून ढसाढसा रडले.

मग डोळे पुसले आणि ठरवलं, सीटं मी शिवणार. अशी शिवीन की घसरायचं नाव नको. हे आपोआप येऊन बसतील.

शेजारचा गॅरेजवाला आला, बोल्ट काढून सीटं आमच्या हॉलमध्ये आणून ठेवून गेला. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही दिवाणावर बसा आणि बघा." पण हे बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीतच बसले. हल्ली तीच खुर्ची लागायची. म्हटलं, बसा बाई तिथे.

जुनं कव्हर मी शिवण उसवून एकेक तुकडा सुटा केला आणि पाठीमागे खडूने खुणा करून ठेवल्या. तेच माझे नमुने. कापडासाठी द्वारकेच्या दुकानात तुकडा घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, हे डिझाईन केव्हाच बंद झालं. रेडिमेड रेक्झिनचं घ्या, फर्स्टक्लास." रेक्झिन घसरतं. मी साधं राखाडी जाड कापड घेतलं, नवा फोम आणि निळ्या दोऱ्याची रिळं. रेघा मीच मारणार होते, मशीनवर.

माझं मशीन ब्लाउजचं. ते कापड आणि खाली फोमची पट्टी म्हटल्यावर सुया कडाकड मोडायला लागल्या. जाड सुई घातली, आणि अवघड जागी पायाने न चालवता चाक हाताने फिरवत टाका टाका पुढे गेले. निळी रेघ जराशी वाकडी आली तर उसवायची, पुन्हा मारायची. पहिलं कव्हर शिवून सीटवर चढवलं तर फुगीर! ठिकठिकाणी चुण्या. मला कळेना, मापं तर बरोबर. खुर्चीतून हे म्हणाले, "माया... ठेवलीस?"

ठेवली होती. आत दोन बोटं जास्तीचं कापड. ब्लाउजला ठेवतेच ना मी. बाई वर्षभराने अंगाने भरते, मग उसवून द्यावं लागतं. हात सवयीने तेच करत गेला होता, आणि जाड कापडाची ती घडी आत मावेना.

"सीट काय... बाळंतपणाला जाणार आहे?" हे म्हणाले आणि हसायला लागले. तोंड एका बाजूने वर जायचं, तसं हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मीही हसत सुटले, डोळ्यांतून पाणी. वाटलं, आता जिंकलं.

दुसरं कव्हर घट्ट झालं, इतकं की नव्या फोमवर चढेना. हे म्हणाले, "फोमवर प्लास्टिकची पिशवी घाल. सरकेल. मग... ओढून घे." मी उसळले. "पुन्हा प्लास्टिक? ह्या घरात आता प्लास्टिकचं नाव काढायचं नाही, सांगून ठेवते!" ह्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, सल्ला ऐकला नाही म्हणून. दुपारी ते झोपल्यावर मी गुपचूप पिशवी घालून पाहिली, आणि कव्हर अगदी सरसर गेलं. संध्याकाळी मी ते कबूल केलं नाही, ह्यांनीही विचारलं नाही. डाव्या हाताने पकड धरून, कव्हर खालच्या सांगाड्याला अडकवतात त्या तारेच्या रिंगा मात्र ह्यांनीच दाबून बसवल्या. मी उजवा हात रिंगेवर ठेवायला लावायचे. एकदा दोन बोटं हलल्यासारखी वाटली.

सीटं बसली त्या दिवशी मी गाडी पुसली, हार घातला. ह्यांना नवा पांढरा शर्ट घातला. हात धरून बाहेर आणलं, डावं दार उघडलं. आत नवं राखाडी कापड, त्यावर निळ्या रेघा. गाडी शोरूममधून आली होती तशी. मी म्हटलं, "बसा. आता नाही घसरायचं."

हे दाराला धरून उभे राहिले. बराच वेळ आत बघत होते. मग म्हणाले, "त्याच्यावर काहीतरी... टाक ना."

"काय टाकू?"

"प्लास्टिक."

माझं डोकंच फिरलं. "अहो, माणूस आहात की कोण? हात मोडेस्तोवर शिवलं मी! मरेपर्यंत कापडावर बसायचं नाही का आपण?"

हे इकडेतिकडे बघून, अगदी हळू म्हणाले, "मला कळत नाही गं. कधी होतं ते... कळतच नाही. तुझं कापड खराब होईल."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि सगळं एकदम समोर आलं. सेंटरच्या दारातली ओली पँट. ती बाटली मी उचलली तेव्हा झाकण घट्ट होतं, मीच फिरवून उघडलं होतं. ती प्लास्टिकची खुर्ची. खिडकीतलं ते "नको काढूस". घरी अधूनमधून व्हायचं ते मला माहीत होतं. पायजमे मीच धूत होते, मला वाटायचं बाथरूमला जायला उशीर होतो. ह्यांना ते कळतच नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सगळी मापं घेतली मी, एवढं एक विचारलं नाही. आणि ह्यांनीही सांगितलं नाही. बायकोला सांगायला कसली हो लाज?

मी म्हटलं, "थांबा इथेच." आतून खुर्ची आणली, ह्यांना सावलीत बसवलं, आणि चालत नाक्यावर गेले. टेबलावर घालतात तसलं जाड, पारदर्शक प्लास्टिक मीटरवर घेतलं. घरी येऊन मशीनवर बसले. रडत रडत शिवलं, सुई दिसत नव्हती. दाराच्या बाजूची एक शिवण मात्र हातभर उघडी ठेवली, आत वारा खेळावा म्हणून. पुन्हा बुरशी नको. ज्या हातांनी फाडलं त्याच हातांनी ते माझ्या निळ्या रेघांवर चढवलं आणि म्हटलं, "चला. उशीर झालाय आपल्याला."

हे बसले. प्लास्टिक करकरलं. गाडी सुरू केली, जेल रोड सोडला, बिटको चौक गेला. ह्यांनी "गिअर" सुद्धा म्हटलं नाही. सेंटरला जायचे किती आठवडे वाया गेले होते ह्याचा मी मनात हिशेब करायला लागले आणि सोडून दिला.

द्वारकेला सिग्नल लागला. नेहमीचीच गर्दी, हॉर्न. मी सहज डावीकडे पाहिलं तर ह्यांनी डावा हात दाराच्या बाजूने, त्या उघड्या शिवणीतून आत घातला होता. प्लास्टिकखाली बोटं कापडावरून सावकाश फिरत होती. एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर.

"रेघा सरळ आल्यात," हे म्हणाले.

मी सिग्नल सुटेपर्यंत समोरच बघत राहिले.