उलटा प्रोटॉन आणि माझ्या सासूबाई

डॉक्टर करंदीकरांनी मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि बराच वेळ मान वर केलीच नाही. मी शेजारी उभी होते. टेबलाला धक्का लागू नये म्हणून हात मागे बांधून. शेवटी ते म्हणाले, "मिसेस दामले, तुमचा राजीनामा मागे घेता येईल का?"

ही एकोणीसशे साठच्या आधीची गोष्ट. आमची प्रयोगशाळा म्हणजे अंधेरीतल्या एका बंगल्याचा वरचा मजला. माझी पोस्ट स्कॅनरची. फोटोच्या काचेवर असतो तसाच, पण खूप जाड लेप दिलेल्या प्लेट्स फुग्याला बांधून आकाशात उंच सोडत. अवकाशातून येणारे कण त्या लेपातून जात. प्लेट धुतली की त्यांच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची रेघ उमटायची. तिला ट्रॅक म्हणायचं. एखाद्या कणामुळे अणूचा गाभा फुटला, की एका बिंदूतून चहूकडे ट्रॅक निघत. तो स्टार. दिवसभर बसून स्टार शोधायचे, हे माझं काम.

त्या दिवशीचा स्टार वेगळा होता. एक ट्रॅक जाड होत, वाकडातिकडा होत आला होता. याचा अर्थ कणाचा वेग संपत आला होता. आणि तो जिथे थांबला, नेमका तिथेच गाभा फुटला होता. वेग संपलेल्या कणात एवढी ताकद आली कुठून?

डॉक्टरांना संशय अँटीप्रोटॉनचा, म्हणजे उलट्या प्रोटॉनचा. असा उलटा जोडीदार प्रत्येक कणाला असतो. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात, मागे उरते ती ऊर्जा. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी यंत्राच्या मदतीने अँटीप्रोटॉन मिळवला होता. आम्हाला तो वरून आलेला हवा होता.

राजीनामा मी आधीच्याच आठवड्यात दिला होता. मुलगी नुकती चालायला लागली होती. तिला सासूबाई सांभाळत, आणि त्यांचे गुडघे धरले होते. तिच्यामागे धावणं त्यांना जमेना. घरात तसं ठरलं आणि मी हो म्हटलं. वाईट वाटलं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी घरचा पत्ता लिहून घेतला. रविवारी सकाळी ते आमच्या पार्ल्याच्या घरी हजर. ह्यांची तारांबळ उडाली. सासूबाईंनी पोहे केले. डॉक्टरांनी ते खाल्ले, आणि सासूबाईंना म्हणाले, तुमच्या सुनेच्या कामाबद्दल थोडं बोलायचंय.

मग त्यांनी सासूबाईंना उलट्या कणांचं सगळं समजावलं. मला वाटलं, त्या दोन मिनिटांत उठून आत जातील. त्या बसून राहिल्या. डॉक्टर म्हणाले, आमच्या गणिताप्रमाणे सरळ आणि उलटं सारखंच निर्माण व्हायला हवं. तसं झालं असतं तर दोन्हींनी एकमेकांना पुसून टाकलं असतं. ना तारे, ना पृथ्वी, ना आपण. पण बघावं तिकडे सरळच आहे.

"मग ते उलटं सगळं गेलं कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"ठाऊक नाही, मावशी. कोणालाच ठाऊक नाही."

"आणि आमची नलू ते शोधतेय?"

डॉक्टर खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, या एका स्टारनं उत्तर मिळणार नाही. हा कण वरच्या हवेतल्या टकरीतही तयार झालेला असू शकेल. पण असे कण किती येतात, हे कोणीतरी मोजायला लागेल, आणि हिची नजर तयार झाली आहे.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "मला वाटत होतं, तू तिथे टायपिंगसारखं काही करतेस. हे असं असेल तर मध्येच सोडून कसं चालेल?" मग आपल्या मुलाला म्हणाल्या, "सकाळचं पाणी उद्यापासून तू भर. दुपारी मी शेजारच्या कुसुमला बोलावते पोरीकडे."

यावर ह्यांनी मान डोलावली. चर्चा संपली.

पुढचे कित्येक दिवस मी त्या ट्रॅकवरचे ठिपके मोजले. ठिपके किती दाट आणि रेघ किती थरथरते, यावरून कणाचं वस्तुमान काढता येतं. एका सहकाऱ्यानं तीच मापं स्वतंत्रपणे घेतली. दोघांचं उत्तर जुळलं. वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण निम्मं. तो के-मेसॉन होता. चांगला कण, थांबल्यावर गाभा फोडू शकणारा, पण आधीच माहीत असलेला. डॉक्टरांनी कागद दोनदा तपासला आणि म्हणाले, "नाही. पुढची प्लेट लावा."

घरी जाताना माझा पाय निघेना. एवढ्या सगळ्यांना कामाला लावलं आणि हाती काय आलं? सासूबाई मुलीला भात भरवत होत्या. मी सांगितलं, ते नव्हतं.

"मग दुसरं काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं.

"बरं. उद्या डबा लवकर करू का?" त्या म्हणाल्या.

मी त्या कामात निवृत्त होईपर्यंत राहिले. अवकाशातून आलेला उलटा प्रोटॉन मला कधीच सापडला नाही. पुढे दुसऱ्यांना सापडले, पण डॉक्टर म्हणाले होते तेच खरं ठरलं, हवेतल्या आणि अवकाशातल्या टकरींतून तयार झालेले. विश्वात सरळ द्रव्यच का उरलं, याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. माझी नोकरी का उरली, ते मला ठाऊक आहे.