पिकनिक म्हणून सांगितलं होतं

माझ्या इकाम्याचे, म्हणजे सौदीत राहण्याच्या परवान्याचे, तेवीस दिवस उरले होते आणि मुलीच्या दहावीच्या परीक्षेला चार महिने होते. कंपनीने माझी इंजिनिअरची जागा एका सौदी तरुणाला दिली होती. त्याला काम शिकवलंही मीच. आता नवा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपण या देशात राहतो तो मालक, मिळाला नाही तर तिघांनाही निघावं लागणार होतं. बायकोला सगळं माहीत होतं. मुलीपासून आम्ही लपवलं होतं.

दम्मामला ओळखीचा एक रत्नागिरीकर दुकानदार होता. तो म्हणाला, "वाळवंटात एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याचा सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना आहे. माणूस भला आहे. पण समोर जाऊन भेटा, फोनवर नाय जमायचा."

शनिवारी सकाळी निघालो. मुलीला सांगितलं, पिकनिक. बायकोने तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या. दोन तास नुसती वाळू. गावाच्या तोंडाशी, चौकात, दोन मजली उंच सिमेंटची कॉफीची सुरई होती. पुढे खांबावर चढवलेलं जुनं विमान. मुलीने दोन्हीकडे गाडी थांबवायला लावली.

"बाबा, स्माईल करा ना!"

केलं.

कारखान्यापुढे, रस्त्याला लागून म्हाताऱ्याने स्वतःचं संग्रहालय थाटलं होतं. जुने रेडिओ, हातपंप, चाकं गेलेला ट्रक. त्याला अरबीशिवाय काही येत नव्हतं आणि माझी अरबी साइटवरची: दे, घे, थांब. मुलगी शाळेत अरबी शिकलेली, ती हौसेने दुभाषी झाली. म्हातारा तिला 'बिन्ती', लेकी, म्हणत एकेक रेडिओ दाखवू लागला. पाऊण तास गेला. काखेतली सर्टिफिकेटांची फाइल घामाने ओली झाली. बायको मागून खुणावत होती, विचारा आता.

कॉफीला बसल्यावर मी मुलीला म्हणालो, "आता नीट सांग त्यांना. माझी नोकरी गेली आहे. त्यांच्याकडे जागा आहे का, विचार."

"व्हॉट?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मान खाली घातली. मुलीने पेला खाली ठेवला आणि अरबीत विचारलं.

म्हातारा बराच वेळ बोलला. ती म्हणाली, "त्यांना आता बाहेरचा माणूस घेता येत नाही. आधी इथले घ्यावे लागतात. त्यांचा स्वतःचा मुलगा इंजिनिअर आहे, दोन वर्षं घरी बसलाय."

"सांग, स्टोअर सांभाळीन. ब्लॉक उचलीन. पडेल ते करीन. फक्त मार्चपर्यंत. सांग ना!"

ती बोलली. मला दोनच शब्द कळले: माझे वडील, इंजिनिअर. ब्लॉकचं नाव नाही, स्टोअरचं नाही.

"मी म्हटलं ते सांगितलंस का?"

"हो."

"खोटं बोलतेस!" मी ओरडलो. सगळ्यांसमोर, इतक्या जोरात की म्हातारा उठून उभा राहिला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "खलास, खलास", पुरे आता, म्हणाला आणि खजुराचा डबा तिच्या हातात दिला. ती त्या डब्याकडे बघत राहिली.

परतीच्या वाटेवर तासभर गाडी चालवली. मग मागच्या सीटवरून तिने हिंदीत विचारलं, "मेरा बोर्ड कहाँ होगा?"

माझ्याने गाडी चालवेना. रस्त्याकडेला थांबलो, उतरलो आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिलो. शेवटी बायकोने येऊन दंडाला धरून मला आत बसवलं.

दुसरा कफील मिळाला नाही. एकविसाव्या दिवशी आम्ही तिघं विमानात बसलो. आमच्या गावी, नाशिकला, शाळांनी मध्येच दहावीत प्रवेश दिला नाही. तिचं वर्ष गेलं. परीक्षा पुढच्या वर्षी दिली, पासही झाली. मला नोकरी लागायला त्याहून जास्त वेळ लागला. त्या दिवशी तिने ते शब्द का गाळले, हे मी कधी विचारलं नाही. आणि तिच्यावर ओरडलो, त्याची माफीही अजून मागितलेली नाही.