रूपालीच्या लग्नाची कॅसेट

मखमलाबादपासून पंचवटीपर्यंतच्या पट्ट्यात ज्यांची लग्नं नव्वदच्या दशकात लागली, त्यांनी जरा घरातलं कपाट उघडून बघावं. पैठणीच्या खाली, रेशनकार्डाच्या पिशवीशेजारी एक काळी व्हीएचएस कॅसेट हमखास सापडेल. वर चिकटवलेल्या पट्टीवर बदाम काढून त्यात दोन नावं लिहिलेली असतील. ते अक्षर सुवर्णा विधातेचं आणि आतलं शूटिंग तिच्या नवऱ्याचं, वाल्मीकचं. लावून बघायला व्हीसीआर आता कुणाच्या घरात उरलेला नाही, तरी ती कॅसेट भंगारात टाकायची कुणाची छाती होत नाही.

वाल्मीक मूळचा मखमलाबादच्या मळ्यातला. झेंडू, शेवंती आणि कोथिंबीर, एवढ्यावर घर चालायचं. वडील लवकर गेले. पहाटे आई नवसाबाईबरोबर फुलं तोडायची आणि मांडवांना पुरवायची, हे त्याचं काम. अशाच एका मांडवात माळा बांधता बांधता त्यानं शूटिंगवाला पाहिला. खांद्यावर भलामोठा कॅमेरा, मागे हॅलोजनचा दिवा धरलेला माणूस, आणि जिकडे तो वळेल तिकडे अख्खं वऱ्हाड केस सारखे करतंय. आमदारालाही एवढा मान नाही मिळत हो. वाल्मीकनं तिथंच ठरवलं, आपण हेच करायचं. तीन वर्षं त्या शूटिंगवाल्याच्या हाताखाली राबून त्यानं काम शिकून घेतलं आणि पेठ नाक्यावर स्वतःचं छोटं दुकान टाकलं.

आणि काम असं करायचा म्हणता! नवरदेवाची आत्या रुसून कोपऱ्यात बसली असेल तर आधी तिच्यावर कॅमेरा न्यायचा. बाई दोन मिनिटांत हसत पुढे यायची. पंगतीत म्हातारी माणसं जेवताना त्यांच्या तोंडासमोर दिवा मारायचा नाही, हा त्याचा नियम. दिवा धरायला पुंजा होता, चाळिशीचा, कमी बोलणारा. आणि दुकानात मिक्सिंगला सुवर्णा. नवरीचा चेहरा गुलाबातून उमलवायचा, नवरानवरीला बर्फाच्या डोंगरांवरून फिरवायचं, पत्रिकेवरून विमान उडवायचं, ही सगळी सुवर्णाची करामत. आज हसता तुम्ही. पण मेरी-म्हसरूळच्या पोरींनी स्वित्झर्लंड पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या कृपेनं, आणि तेही नऊवारीत.

कॅमेऱ्याला बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असलं की डोळा लावायच्या भिंगात बारीकसा लाल दिवा दिसायचा. १९९६ च्या मार्च महिन्यात तो दिवा गेला. सुवर्णा दोन महिने मागे लागली होती, दुरुस्तीला टाका. पण लग्नसराईत कॅमेरा आठ दिवस कोण सोडणार? वाल्मीक म्हणायचा, "दिवा लागतो नवशिक्याला. माझ्या अंगठ्याला कळतं चालू का बंद." आणि खरंच, दोन महिने अंगठ्यानं दगा दिला नव्हता.

मे महिन्यात त्याच्या धाकट्या बहिणीचं, रूपालीचं लग्न निघालं. मुलगा मनमाडचा, रेल्वेत. मांडव मळ्यातच, घरासमोर. सगळ्यांनी सांगितलं, अरे बाबा, आज तरी तो डबा खाली ठेव, दुसरा कुणी शूटिंगवाला बोलव. पण वाल्मीक ऐकायला तयार नाही. त्याला कारण होतं. त्यांच्यात नवरीच्या आईनं अक्षता पडताना पाहायच्या नसतात. मंगलाष्टकं सुरू झाली की आई मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसते. लेकीचं लग्न ती नुसतं कानानं ऐकते. हळदीच्या दिवशी नवसाबाई त्याला म्हणाली होती, "सगळं गाव बघंल, मीच तेवढी नाय बघायची."

"आई, तू समद्यांपेक्षा चांगलं बघशील," वाल्मीक म्हणाला. "आठ दिवसांत टीव्हीवर दाखवतो. पार जवळून. अक्षताचा दाणा न् दाणा."

एवढा मोठा शब्द दिल्यावर कॅमेरा दुसऱ्याच्या हाती कोण देईल?

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळात येऊन थांबला. त्याला मांडवात आणायला नवरीचा भाऊ जातो, म्हणजे वाल्मीकच. वाल्मीक शूटिंग करत असतानाच कुणीतरी ओरडलं, नारळ द्यायला भाऊ कुठंय. वाल्मीकनं बटण दाबून कॅमेरा बंद केला, पुंजाच्या हातात दिला आणि नवरदेवाला नारळ देऊन परत आला. एवढ्याशा वेळात कॅमेरा सावरताना पुंजाचा अंगठा बटणावर पडला आणि कॅमेरा चालू झाला. पुंजाला त्याचं काय? त्याचं काम दिवा धरायचं. वाल्मीकनं कॅमेरा खांद्यावर घेतला, चालू करायला म्हणून बटण दाबलं, आणि तो बंद झाला. तिथून पुढे सगळं उलटं. वाल्मीकला वाटायचं घेतोय तेव्हा कॅमेरा मुका, आणि थांबलोय वाटायचं तेव्हा टेप फिरतेय. सगळ्या मंगलाष्टकांत तो घामानं निथळत, डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसत उभा राहिला आणि टेपवर एक अक्षत उतरली नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात टेप लावली तेव्हा हे कळलं. पडद्यावर देवळापर्यंतचं नीट आलं, आणि मग जमीन. मग चपला. मग पुंजाचे गुडघे. बँडवाले चहा गोड का अगोड यावर वाद घालताहेत, ताकाच्या पातेल्यावरची माशी कुणीतरी हाकलतंय. सुवर्णा पहिल्यांदा हसली. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि हसू आवरलं. टेप पुढे पळवली. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, सप्तपदी नाही. आणि मध्येच, तिरकं, काखेतल्या कॅमेऱ्यातून दिसावं तसं, हिरव्या बांगड्यांचे हात आणि मुंडावळ्यांआडून रूपालीचा अर्धा चेहरा दिसला. आवाज स्वच्छ येत होता. अंतरपाट धरायच्या आधीची दोन मिनिटं.

वाल्मीकनं तेवढं ऐकलं आणि मशीन बंद केलं.

सुवर्णा हुशार बाई. ती म्हणाली, "अहो, फोटोवाल्याकडे दीडशे फोटो आहेत. अक्षतांचेच वीस असतील. मी फोटोंवर कॅमेरा फिरवते, वरून फुलं पाडते, मागे सनई टाकते. कुणाला पत्ता लागणार नाही. आईंना तर मुळीच नाही."

आणि ती हे करू शकली असती, यात शंका नको. तिच्या मिक्सिंगपुढे खरं लग्न फिकं पडायचं. वाल्मीक दोन दिवस विचार करत राहिला. झाकलं तर दुकानाचं नाव राहत होतं, घरात शोभा टळत होती, आईही खूश. शिवाय ती दोन मिनिटं गुपचूप कापून टाकता येत होती, आणि ती कापावीत असं त्यालाच सगळ्यात जास्त वाटत होतं. पण आईपुढे बसून, हे बघ अक्षता, असं सांगायचं आणि दाखवायचे फोटो? ते काही त्याच्या गळी उतरेना.

रूपाली पहिल्यांदा माहेरी आली त्या संध्याकाळी मळ्यात कॅसेटचा कार्यक्रम ठरला होता. तेव्हा लग्नाची कॅसेट बघणं म्हणजे दुसरं लग्नच असायचं. व्हीसीआर भाड्यानं आणलेला, टीव्ही ओट्यावर काढलेला, शेजारच्या मळ्यातली माणसं सतरंज्या टाकून बसलेली, पोरासोरांना रसना. नवसाबाई सगळ्यांत पुढे, लग्नातलंच लुगडं नेसून. वाल्मीक टीव्हीपुढे उभा राहिला आणि बोलला, "आई, अक्षता नाही आल्या. माझीच चूक झाली. दिवा गेलेला माहीत असून मी शहाणपणा केला. जे आलंय ते हे असंय."

मग वाल्मीकची कुसाआत्या सुरू झाली, ती काय सोडते होय? "लोकांची लग्नं सोन्यावानी काढतो आणि घरच्या लग्नाचा इचका केला. बायकोच्या नादानं विमानं उडव म्हणावं." सुवर्णानं मान खाली घातली. वाल्मीकनं सगळं ऐकून घेतलं आणि टेप लावली.

चपलांना लोक हसले, पुंजाच्या गुडघ्यांना तर पोटभर हसले. पुंजासुद्धा हसला. मग तो हिरव्या बांगड्यांचा तुकडा आला. रूपाली पडद्यावर म्हणत होती, "दादा, आई जेवली का रे काही?"

"जेवंल. तू गप बस," पडद्यात न दिसणारा वाल्मीक.

"सकाळपासून कुठं दिसली नाय मला. तिला एकदा दारापर्यंत आण ना. लांबून बघते फक्त. नंतर लगीच निघायची घाई करतील."

"नाय चालत तसं."

"मग तिला सांग, मी रडत नाय म्हणून. ती आतून ऐकू राहिली असंल."

"रूपे, उगं बस. शूटिंग चालू व्हायचंय."

एवढंच. मग पुन्हा मांडवाचं कापड. ओट्यावर कुणी हसत नव्हतं. रूपाली तोंडाला पदर लावून बसली होती. वाल्मीकला मान वर करवेना. बहिणीला आपण कशासाठी गप्प केलं, तर जे टेपवर आलंच नाही त्यासाठी. तेही आता सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

"मागं घे," नवसाबाई म्हणाली.

त्यानं टेप मागं घेतली. पुन्हा तेच. "आई जेवली का रे काही?"

"परत."

तिसऱ्यांदा झाल्यावर ती रूपालीकडे वळली नाही, वाल्मीककडेही नाही. टीव्हीकडे बघतच म्हणाली, "मला वाटलं, त्या गलक्यात पोरीला आईची सय पण आली नसंल. आठ दिवस तेच मनात घेऊन फिरू राहिले मी."

मग रूपाली उठून आईच्या कुशीत शिरली, आणि त्या दोघी ज्या रडल्या, ते काही सांगत नाही मी. कुसाआत्याही रडली, आणि रडता रडता वाल्मीकला म्हणाली, "बघ बाबा, ते मागं घे परत, मला नीट ऐकू नाय आलं."

सासरी न्यायला सुवर्णानं पुढे फोटोंची कॅसेट केलीच, फुलं, सनई, सगळं घालून. मनमाडला ती लय गाजली. मळ्यात मात्र चपला-गुडघ्यांचीच कॅसेट राहिली.

वाल्मीकनं दुसऱ्याच दिवशी कॅमेरा दुरुस्तीला टाकला, आठ दिवस काम बुडालं तरी. आणि त्यानंतर त्यानं जे सुरू केलं, ते मी दुसऱ्या कुठल्या शूटिंगवाल्याला करताना पाहिलेलं नाही. अंतरपाट धरायच्या आधी दोन मिनिटं तो दिवा बंद करायला लावायचा, वऱ्हाडाला बाजूला सारायचा आणि नवरीशेजारी गुडघ्यावर बसायचा. अक्षता पडल्या की वाजंत्री सोडून आधी मागच्या अंगणात जायचा, तुळशीपाशी बसलेल्या नवरीच्या आईच्या डोळ्याला भिंग आणि कानाला इअरफोन लावायचा आणि टेप तिथल्या तिथं दाखवायचा. आधी लेकीचं बोलणं, मग अक्षता. करवल्या कुरकुरायच्या, भटजी मुहूर्त चालला म्हणून ओरडायचे. हा ऐकायचा नाही. व्हीएचएस गेलं, सीडी आल्या, कॅमेरे तळहाताएवढे झाले, तरी वणीच्या लग्नात असो की अंबडच्या कामगार वसाहतीत, नवरीशेजारी बसून तो तेच बोलायचा.

"बोल ताई. आई आत बसलीये. तिला काय सांगायचंय?"