प्रॉम्प्टर काकू

प्रॉम्प्टर काकूंसमोर कुणाला अडखळायची सोयच नव्हती. बोलताना तुम्ही क्षणभर थांबलात, की पुढचा शब्द त्या हळूच तुमच्याकडे सरकवत. इंडियन ग्रोसरीतला काउंटरवरचा मुलगा "कॅश ऑर..." म्हणून थांबला की काकू म्हणत, "कार्ड." मंडळाच्या गणपतीत आरतीच्या तिसऱ्या कडव्याला सगळा हॉल नुसताच टाळ्या वाजवायला लागला, की काकूंचा एकटीचा आवाज पुढे होई. एका लग्नात नवरी उखाण्यातल्या नवऱ्याच्या नावापाशी येऊन थबकली, तर काकूंनी पाचव्या रांगेतून नाव सांगून टाकलं. "अहो काकू, ती नाव विसरली नव्हती, लाजली होती," असं नंतर कुणीतरी म्हणालं. "तेच ते," काकू म्हणाल्या, "माणूस अडतो तो लाजेनं नाहीतर भीतीनं. आठवण काही कुठे जात नाही." अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेताना शेजारच्या अनोळखी गृहस्थांनाही आपणच पैलतीराला नेलं, हे त्या मोठ्या अभिमानानं सांगत.

त्यांचं नाव वसुधा. पण ॲन आर्बरमधल्या आम्हा विद्यार्थ्यांना त्या प्रॉम्प्टर काकू म्हणूनच ठाऊक. लग्नाआधी इचलकरंजीच्या एका हौशी नाट्यमंडळात त्या विंगेत उभ्या राहून प्रॉम्प्टिंग करायच्या. तिथल्या नायकाचं पाठांतर अगदीच कच्चं. "तीन अंक मी त्याच्या तोंडात घातले," त्या सांगत, "शेवटी त्याला वाटलं, हिला घरीच नेलेली बरी." तो नायक पुढे इंजिनियर होऊन मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात आला आणि काकूही त्याच्याबरोबर आल्या. काका गेले, मुलगा निखिल नोकरीसाठी शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेला, आणि घरात शब्द सुचवायला कुणी उरलं नाही, तेव्हा काकूंनी गावातल्या हौशी ऑपेरा कंपनीचं दार ठोठावलं. त्या लोकांना प्रॉम्प्टर नको होता. काकूंनी ते ऐकूनच घेतलं नाही.

मी नागपूरहून मेकॅनिकलमध्ये पीएच.डी. करायला आले होते. मंडळात मी एकदा एक भजन म्हटलं. काकू जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आवाज बरा आहे तुझा. इटालियन येतं?"

"नाही."

"मलाही येत नव्हतं. शनिवारी दुपारी दोनला ये. आणि कार असेल तर मला घेऊन ये. बर्फात मी ड्राइव्ह करत नाही."

अशी मी कोरसमध्ये भरती झाले. त्या वर्षी जो इटालियन ऑपेरा बसवायचा होता, तो पॅरिसच्या एका माळ्यावर राहणाऱ्या चार कफल्लक तरुण कलावंतांचा. शेकायला लाकूड नाही म्हणून ते आपलंच लिखाण जाळतात. त्यांच्यातल्या कवीचं शेजारच्या आजारी मुलीवर प्रेम बसतं आणि शेवटी ती मुलगी जाते. काकूंनी मला कथा सांगितली ती अशी : "अगं, तुमच्यासारखेच आहेत हे. ग्रॅड स्टुडंट्स. चौघांत एक खोली, हीटिंग परवडत नाही, आणि प्रत्येकाला वाटतं, आपला थीसिस जाळून टाकावा." मला त्याहून अधिक समजावून सांगावं लागलं नाही.

तालमी एका शाळेच्या जुन्या ऑडिटोरियममध्ये व्हायच्या. तिथे प्रॉम्प्टरला बसायला जागा नव्हती. म्हणून काकूंनी सेट बांधणाऱ्या मंडळींच्या मागे लागून प्लायवूडचं एक खोकं करवून घेतलं. ते रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध बसवलं. त्याचं तोंड गायकांकडे आणि पाठ वाद्यवृंदाकडे, पाठीला एक खिडकी कापलेली. मग पाठीमागून वाद्यवृंद चालवणारी कंडक्टर कशी दिसणार? त्यावर काकूंनी भंगारातल्या एका गाडीचा रिअर व्ह्यू मिरर आणला आणि खोक्याच्या आत स्क्रूनं घट्ट बसवला. समोर गायकांचे ओठ, आरशात कंडक्टर मार्थाची काठी, मांडीवर चादर आणि चादरीवर स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक. त्या पुस्तकातला इटालियनचा शब्दन् शब्द त्यांनी लाल पेन्सिलीनं देवनागरीत लिहून काढला होता. नायकाचं काम करणारा डेरेक हा एका मिडल स्कूलमध्ये पीटीचा शिक्षक. त्यानं ते पान पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली लिपी?" काकू म्हणाल्या, "ज्या लिपीत तुझे उच्चार सुधारतात ती." आणि ते खरंच होतं. डेरेकचं इटालियन आधी थेट मिशिगनच्या शेतातून आल्यासारखं वाटायचं. काकूंनी त्याला मराठी 'त' आणि 'द' शिकवले. दोन आठवड्यांनी तो बरा पॅरिसकर झाला, जरा कोल्हापूरमार्गे आल्यासारखा.

पहिल्या पूर्ण तालमीला काकूंनी नारळ आणला. शाळेच्या केअरटेकरनं स्टेजवर काहीही फोडायला साफ नकार दिला. मग सगळी कंपनी पार्किंग लॉटमध्ये गेली. वजा दहा तापमान, फुटपाथची कड, आणि भोवती लोकरीच्या टोप्या घातलेले पस्तीस अमेरिकन. नारळ आतून गोठला होता. डेरेकनं तीनदा आपटला तेव्हा तो फुटला, पण पाण्याचा थेंब काही पडला नाही. "चालतं," काकू म्हणाल्या, "देवाला आइस्क्रीम." केअरटेकरनं खोबऱ्याचा तुकडा दोनदा मागून घेतला.

मग एका शनिवारी दुसऱ्या अंकाची तालीम चालू असताना शाळेचा फायर अलार्म वाजला. जुनी, कानठळ्या बसवणारी घंटा. वादकांनी वाद्यं खाली ठेवली, कोरस दाराकडे पळाला. काकू मात्र खोक्यात बसून बोट वर करून पुढचा शब्द देत होत्या. समोरचं स्टेज रिकामं झालं तेव्हा त्या बाहेर डोकावल्या आणि त्यांना न्यायला मागे वळलेल्या मला म्हणाल्या, "काय गं, सगळे एकदम रुसले?"

बाहेर बर्फात उभं राहून सगळे हसले. काकूंची ती एकाग्रता कंपनीत गाजली. मला मात्र हसू येईना. गेले दोन महिने मी त्यांना गाडीतून नेत-आणत होते. आदल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, "काकू, उद्या फ्रीझिंग रेन आहे," आणि त्या म्हणाल्या होत्या, "हो ना, गळा छानच आहे डेरेकचा." तेव्हा मला वाटलं होतं, विचारात असतील.

परत जाताना मी गाडी त्यांच्या घरासमोर थांबवली आणि त्यांच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "काकू, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

त्या हातमोजे घालायला लागल्या. "डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. उजवाही आता जायच्या वाटेवर आहे. बोललेलं ओठांवरून कळतं. गाणं... गाणं नाही कळत."

"निखिलला माहीत आहे?"

"त्याला सांगितलं तर उद्या येऊन मला नेपरव्हिलला घेऊन जाईल. एवढा शो होऊ दे. तू कुणाला सांगू नकोस."

"काकू, डेरेक तुमच्या भरवशावर उभा आहे. सगळेच आहेत. तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल."

दार बंद झालं ते जरा जोरात. पुढच्या दोन तालमींना काकू माझ्या गाडीत बसल्या नाहीत. बर्फातून बस बदलत आल्या आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. आपण एका म्हाताऱ्या बाईकडून तिचं शेवटचं काहीतरी काढून घेतोय, असं वाटून मला त्या आठवड्यात लॅबमध्येही काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या तालमीला, सुरू व्हायच्या आधी, काकू स्टेजच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी इंग्रजीत, एकेक शब्द नीट उच्चारून सांगितलं की मला जवळजवळ ऐकू येत नाही, दोन वर्षं मी हे लपवलं, आणि तुम्ही म्हणाल तर मी आत्ता घरी जाते.

डेरेक म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करता."

"तेही करते," काकू म्हणाल्या.

हशा ओसरल्यावर सगळ्यांनी मार्थाकडे पाहिलं. ती कडक बाई. तिनं काठी उचलली. "तीस वर्षं मी गायकांना ओरडून सांगतेय की माझ्याकडे बघा. या हॉलमध्ये माझ्याकडे बघणारी ही एकच बाई आहे. वसुधा, बस जागेवर."

काकू खोक्यात जाऊन बसल्या. जाताना माझ्या गालावर थंडगार हात ठेवून म्हणाल्या, "आगाऊ कार्टी." घरी परत त्या माझ्याच गाडीतून आल्या.

प्रयोग रविवारी दुपारी होता. तीन अंक बरे गेले. शेवटच्या अंकात कोरसला काम नसतं, म्हणून मी विंगेत उभी होते. नायिका अंथरुणावर पडलेली, मित्र भोवती, आणि डेरेकला काय झालं कोण जाणे, तो एक अख्खं पान ओलांडून पुढचंच गायला लागला. व्हायोलिनं एकीकडे, बासऱ्या दुसरीकडे. नायिकेचे डोळे एकदम उघडले. मरणाऱ्या बाईचे इतके उघडायला नकोत. मार्थाची काठी अधांतरी.

काकूंना यातला एकही बेसूर ऐकू आला नसणार. पण डेरेकचे ओठ त्यांनी वाचले. खोक्यातून उजवा हात बाहेर आला आणि नायिकेला तळवा दाखवून थांबवता झाला. डावा हात मागे, वाद्यवृंदाच्या बाजूला गेला आणि त्याची बोटं उघडली : आधी दोन, मग पाच. पुस्तकात खुणेसाठी छापलेला पंचवीस नंबर, म्हणजे डेरेक पोचला होता ती जागा. मार्थानं तो वादकांना दबक्या आवाजात सांगितला. पुढच्या शब्दाला उजव्या हाताचं बोट खाली आलं, आणि नायिका, व्हायोलिनं, बासऱ्या, डेरेक, सगळे एका जागी येऊन मिळाले. जेमतेम पाच-सहा सेकंद. प्रेक्षकांत कुणाला पत्ता लागला नाही. पुढे नायिका व्यवस्थित मेली आणि डेरेकनं तिला मारलेल्या हाकेनं समोरच्या रांगेतले रुमाल निघाले.

पडदा पडल्यावर डेरेकनं काकूंना खोक्यातून अक्षरशः उचलून बाहेर काढलं. तो स्वतः रडत होता. मी विचारलं, "काकू, शेवटचं काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही गं. पण प्लायवूडला तळहात टेकवून बसले होते. त्यानं हाक मारली ना, ती हातात आली."

प्रयोगानंतर काकूंनी स्वतःहून निखिलला सगळं सांगितलं. तो आला, डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, दोन्ही कानांना मशिनं लागली, आणि अपेक्षेप्रमाणे नेपरव्हिलला जायचं ठरलं. मार्चमध्येही बर्फ होतंच. सामान ट्रकनं गेलं, काकूंना मी घेऊन गेले. मशिनांमुळे त्यांना आता बरंच ऐकू येत होतं आणि त्या प्रत्येक आवाजाची तक्रार करत होत्या. "तुझी गाडी अशी वाजते? आणि तू मला यातून दोन महिने नेलंस?"

पण गाणं लावू का विचारलं की त्या नको म्हणत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मशिनमधून संगीत वेगळंच, पत्र्यासारखंही वाटेल. "मनातलं आहे ते बरं आहे. उगाच खराब कशाला करायचं?" इंडियानात आम्ही कॉफी प्यायला थांबलो. परत गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "लाव. पहिल्यापासून लाव."

मी लावलं. पहिली दहा मिनिटं त्यांचा चेहरा आंबट. मग हळूहळू मान डोलायला लागली. शिकागोच्या ट्रॅफिकमध्ये दुसरा अंक संपला. निखिलच्या घराच्या ड्राइव्हवेत गाडी वळली तेव्हा शेवटचा अंक निम्मा झाला होता. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी तो धरून ठेवला.

निखिल घरच्या चपलांत, स्वेटरवर बाहेर आला होता. आईनं दार उघडायची वाट बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. शेवटी त्यानं काचेवर टकटक केली. काकूंनी काच चार बोटं खाली घेतली.

"आई, चल ना आत. केवढी थंडी आहे."

"थांब जरा," काकू म्हणाल्या, "ती अजून मेली नाहीये."

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं जन्मात ऑपेरा ऐकला नव्हता. त्यानं चपलांवरचं बर्फ झटकलं, मागचं दार उघडलं आणि आईच्या पाठीमागच्या सीटवर येऊन, हात काखेत घालून बसला.